दोन पाट्यांच्या दांड्या

माझ्या आत्याला अख्खी गल्ली नकारघंटा म्हणते. तिच्या तोंडावर कोणी म्हणत नाही, पण तिला माहीत आहे आणि तिला त्याचं काही वाटतही नाही. तिचं शिवणाचं दुकान आहे. उद्यापर्यंत द्या म्हणणाऱ्याला ती नाही म्हणते, कापड कमी असलं तर नाही म्हणते, घासाघीस करणाऱ्याला तर मान वर न करताच नाही म्हणते. आतोबांना झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुढे त्यांना बोलता यायला लागलं तेव्हा पहिला शब्द फुटला तोही ‘नाही’च. इतक्या वर्षांच्या संसारात कानावर दुसरं पडलंय काय, असं सगळे म्हणाले. सगळ्यात मोठ्याने आत्याच हसली.

आतोबांना मी रोज सकाळी चाकाच्या खुर्चीतून संस्थेत नेत असे. संस्था म्हणजे एका जुन्या गोदामाचा तळमजला. झटका आलेली माणसं तिथे पुन्हा उभं राहायला, चमचा धरायला शिकतात. शिकवणारी एकच, व्यायामताई. मनगटं सुतारासारखी, आवाज हवालदाराचा. माणूस रडकुंडीला आला की ती म्हणायची, “रडा, पण पाय उचलून रडा.” तिच्यामुळेच आतोबा आधाराच्या दोन दांड्या धरून उभे राहायला लागले होते.

संस्थेत वस्तूंची कमतरता मुळीच नव्हती. पाच वॉकर नुसते धूळ खात होते, मालिशची तीन यंत्रं होती, पाणी गार करणारी दोन. प्रत्येकावर देणाऱ्याच्या नावाची पितळी पाटी. भाडं, वीजबिल आणि ताईचा पगार यांना मात्र स्क्रूने पाटी ठोकता येत नाही, म्हणून त्यासाठी कोणाचा खिसा उघडत नव्हता. देणगीदार येणार म्हटलं की त्याची वस्तू पुसून पुढच्या खोलीत आणायची आणि तो गेला की मागे ढकलायची, ही तिथली रीतच होती. मला तर त्या पाट्या बघून चीड यायची.

जुने खजिनदार लेकीकडे राहायला गेले आणि त्या खुर्चीत बसायला कोणी तयार होईना. अध्यक्ष म्हणजे निवृत्त शाळामास्तर, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. ते आत्याकडे आले. आत्या चक्क हो म्हणाली. दुकानातलं गिऱ्हाईक सुई टोचल्यासारखं दचकलं म्हणतात.

पहिल्याच आठवड्यात तिने पाहिलं, की ताई आणि गुरुजी दांड्यांचा चाकांवरचा अख्खा सांगाडा गोल फिरवतायत. पुढचं टोक मागे, मागचं पुढे. जवळ जाऊन बघते तर दोन्ही टोकांना वेगवेगळी पाटी. एका टोकाला फरशीचा कारखाना असलेल्या गृहस्थांचं नाव, दुसऱ्या टोकाला बेकरीवाल्या बाईंचं.

“गुरुजी, हे काय गौडबंगाल आहे?”

गुरुजी ओशाळले. “दांड्या फरशीवाल्यांच्याच. पुढे बेकरीवाल्या बाईंनी विचारलं, काय हवंय? मी म्हटलं, ताईचा पगार. त्यांचं तोंड एवढंसं झालं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, दांड्या हव्यात. आता जो बघायला येईल त्याची पाटी पुढे फिरवतो.”

“आणि पैसे?”

“ताईच्या पगारातच गेले. एक पैसा इकडचा तिकडे नाही.”

“एकच कापड दोन गिऱ्हाइकांना विकलं तर लोक माझ्या दुकानाला टाळं ठोकतील,” आत्या म्हणाली. “दोघांना खरं सांगा. वर्धापनदिनाच्या आधी. नाहीतर मी सांगेन.”

ताई जवळच उभी होती. “आत्या, सांगितलं तर पैसे बंद होतील. माझा पगार आताच थकलाय.”

“हो, बंद होतील.”

“मग मला दुसरीकडे बघावं लागेल.”

समोर आतोबा दांड्या धरून घामाघूम उभे होते. ताई गेली तर सगळ्यात आधी तेच खाली बसणार होते, हे तिला काय कळत नव्हतं? परत येताना मी तिला म्हटलं, जरा कानाडोळा कर, चांगल्या कामासाठीच आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे ब्र काढला नाही.

गुरुजींनी मान डोलावली होती, पण सांगितलं कोणालाच नाही. त्याऐवजी युक्ती केली. वर्धापनदिनाला फरशीवाल्यांना सकाळी बोलावलं आणि बाईंना संध्याकाळी. मधे दांड्या फिरवायला भरपूर वेळ. पण बेकरीची भट्टी नेमकी त्याच दिवशी बिघडली आणि बाई मोकळ्याच होत्या म्हणून सकाळीच हजर झाल्या. फरशीवाले आपल्या पाटीशेजारी उभे राहून फोटो काढून घेत होते. बाई सरळ चालत दुसऱ्या टोकाला गेल्या. आपली पाटी त्यांना लगेच सापडली. मग त्यांनी मान वाकडी करून पलीकडची वाचली.

गुरुजींची ततपप सुरू झाली. आत्या पुढे आली.

“दांड्या यांच्या पैशांच्या आहेत. बाई, तुमची पाटी खोटी आहे.”

“मग माझे पैसे कुठे गेले?”

“हिच्या पगारात.” आत्याने ताईकडे बोट केलं. ताई खाली बघायला लागली, तर आत्या तिच्यावरच खेकसली, “मान वर कर. तू चोरी केलेली नाहीस.”

“मला तेव्हाच का नाही सांगितलं?” बाईंचा आवाज चढला.

“सांगितलं होतं. पगार म्हटल्यावर तुमचं तोंड पडलं. ही माणसं लोखंडाला धरून आपोआप चालत नाहीत हो, त्यांना कोणीतरी चालवावं लागतं. आणि त्या कोणीतरीला घरी चूल पेटवावी लागते. आम्ही खोटं बोललो, त्याची मी हात जोडून माफी मागते. पैसे परत हवे असतील तर जमेल तसे फेडीन. पण पगार दिला याची माफी मागणार नाही. मेले तरी नाही.”

खरं सांगते, माझा अभिमानाने ऊर भरून आला होता. आत्याने खिशातून दुकानातला स्क्रू ड्रायव्हर काढला, पाटी सोडवली आणि बाईंच्या हातात दिली. बाई ती घेऊन तडक निघून गेल्या.

फरशीवाले लालबुंद झाले होते. त्यांना कोणी फसवलं नव्हतं, पण आपल्या दांड्यांवर दुसऱ्याचं नाव मिरवलं हे त्यांना सोसेना. “असल्या संस्थेत माझं नाव नको,” म्हणाले आणि दोन दिवसांनी टेम्पो पाठवून दांड्या उचलून नेल्या. गुरुजी डोळे पुसत रिकाम्या जागेकडे बघत बसले.

आत्याने त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. कापड बेतायची दोन लांबच लांब टेबलं हातगाडीवर घातली आणि गोदामात आणून शेजारी शेजारी लावली, मधे माणूस मावेल एवढी वाट ठेवून. मग ताईला विचारलं, “महिनाभर थांबशील?”

ताईने टेबलं हलवून बघितली. “उंची बरोबर आहे,” म्हणाली आणि बाह्या वर केल्या.

महिना संपत आला. पगाराची सोय झालेली नव्हती. आत्या दुकानात जमिनीवर बसून कापड बेतत होती आणि गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडत होती. त्याच सुमारास एका सकाळी आत्या संस्थेत हिशेब बघत असताना बेकरीवाल्या बाई तिथल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पैसे मागायलाच आल्या असणार. त्या मात्र आत बघत राहिल्या. आतोबा टेबलांच्या मधून येत होते, मागून ताईचा हवालदारी आवाज.

“हिचा महिन्याचा पगार किती?” बाईंनी विचारलं.

आत्याने सांगितला.

“मी वर्षभर देईन. पाटी कुठे लावाल?”

मी आत्याकडे बघितलं. एक पाटी, फक्त एक. भिंत रिकामी होती आणि पाटी तर बाईंच्या पिशवीतच असणार.

“नाही लावणार,” आत्या म्हणाली. “लावली की पुढचाही पाटीच मागेल, आणि ही पुन्हा उपाशी.”

गुरुजींनी कपाळाला हात लावला.

“पावती तरी द्याल ना?” बाईंनी शेवटी विचारलं.

“ती देईन. पगारासाठी, असं स्पष्ट लिहून.”

तेवढ्यात आतोबा टेबलांच्या टोकाशी पोचले. पुढे धरायला काही नव्हतं. आत्या धावली, हात पुढे केला.

“नाही,” आतोबा म्हणाले, आणि टेबल सोडून उभे राहिले.