माझी नणंद आणि कोरियाच्या मुली

कोरियातल्या कुठल्या गायिकेला दंडात किती सैल द्यावं लागेल, हे बदलापुरात बसून छातीठोकपणे सांगू शकेल अशी बाई जगात एकच आहे आणि ती माझी मोठी नणंद आहे. वय साठीच्या पुढे, अंगाने चांगल्या भरलेल्या, हेंद्रेपाड्यात तळमजल्यावरच्या घरात, बाहेरच्या खोलीत ब्लाउज शिवतात. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. नणंदेबद्दल चांगलं लिहिणारी भावजय विरळाच, तेव्हा मी लिहितेय त्यातलं निम्मं तरी वाचकांनी खरं धरावं.

कोरियन गाण्यांचा नाद त्यांना माझ्या मुलीने, सईने लावला. ती सुट्टीत आत्याकडे राहायला गेली की मशीनसमोर मोबाइल टेकवून गाणी लावायची. ताई सुरुवातीला फक्त कपड्यांचं कटिंग बघायच्या. "शिलाई झकास आहे गं, पण आतल्या पोरी उपाशी वाटतात," असं त्यांचं मत पडलं, आणि पुढे कित्येक दिवस दर गाण्याला "हिला कोणी जेवायला विचारत नाही का?" एवढंच चालू होतं. मग एक दिवस रुंद खांद्यांची, भक्कम मांड्यांची एक गायिका आली. तिला म्हणे गाण्याच्या कंपनीवाल्यांनी सांगितलं होतं, बारीक हो नाहीतर घरी जा. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही, उलट त्याच्यावरच गाणं रचलं. सईने भाषांतर वाचून दाखवलं, ते ताईंनी तीनदा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडून त्या मुलीचा रंगीत फोटो काढून आणला आणि माप घ्यायच्या कोपऱ्यात आरशाच्या वर चिकटवला. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "सून का तुमची?" ताई म्हणाल्या, "नाही हो. पण आली असती तर चाललं असतं."

त्यांची माप घ्यायची पद्धतही जगावेगळी. बायका टेपसमोर उभ्या राहिल्या की आधी "जरा सुटलेय हं मी" अशी माफी मागतात आणि मग पोट आत घेतात. असा श्वास रोखून दिलेल्या मापाचा ब्लाउज लग्नात पहिल्याच पंगतीला उसवतो, आणि बोल लागतो शिवणारीला. म्हणून टेप लावली की ताई स्वयंपाक काढतात. "आज बिरडं का? वाटण कसलं लावता?" बोलताना बाईला पोट आत धरता येत नाही. तिचं वाटण होऊन फोडणी पडेपर्यंत छाती, कंबर, दंड सगळं वहीत उतरलेलं असतं. आत बसलेले त्यांचे यजमान या कृती ऐकून स्वयंपाक करतात, त्यामुळे ताईंकडे जेवायला गेलं की अख्ख्या हेंद्रेपाड्याच्या हातची चव मिळते. माफी मागणारीला मात्र ताई आरशावरचा फोटो दाखवतात. "ही बघा. ही कोणाला सॉरी म्हणत नाही."

गेल्या वर्षी सईच्या कॉलेजात गॅदरिंगला पाच मुलींनी याच गायिकेच्या गाण्यावर नाच बसवला. स्टेप्स सगळ्यांना सईनेच शिकवल्या. मग उल्हासनगरच्या बाजारातून एकसारखी पाच डेनिमची जाकिटं आली. सर्वांत मोठ्या मापाचंही सईला पुढे जुळेना. मैत्रिणी वाईट नव्हत्या, त्यांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं की तू लॅपटॉपवर म्युझिक सांभाळ. घरी येऊन सई रडली, आणि मी, तिची आई, तिला काय म्हणाले? "जाऊ दे गं, पुढच्या वर्षी बारीक झालीस की नाच." त्या दिवसापासून सई रात्रीच्या जेवणाला नुसतं ताक पिऊ लागली.

रविवारी ताई आल्या, त्यांनी ताकाचा पेला बघितला आणि दहा मिनिटांत सगळी हकिकत काढून घेतली. मला एक शब्द बोलल्या नाहीत. सईला आणि तिच्या जाकिटाला घेऊन थेट उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या त्या दुकानात गेल्या. सिंधी सेठ सभ्य माणूस. म्हणाला, "दीदी, इससे बड़ा बनाओ तो माल पड़ा रहता है. बच्ची को बोलो थोड़ा पतली हो जाए."

"सेठ, तीस साल से मशीन चलाती मैं," ताई आपल्या खास हिंदीत म्हणाल्या. "आल्टर जाकीट को करते. पोरीला नहीं करते."

सेठ हसला आणि आतून त्याच डेनिमचा उरलेला तुकडा काढून दिला. आता कोणालाही वाटेल की ताईंनी सईचं जाकीट मोठं केलं. तसं नाही. ताईंनी पाचही मुलींना जाकिटं घेऊन घरी बोलावलं, पाचही जाकिटांच्या बगलेखालच्या शिवणी उसवल्या आणि प्रत्येकात दोन्ही बाजूंना जोडपट्टी घातली, वर लाल दोऱ्याची टीप. कोणाला जागा हवी होती आणि कोणाला नुसती शोभा, हे आता देवालाही ओळखता आलं नसतं. मुलींना वाटलं, नवी फॅशन.

त्याआधी पाचही जणींची मापं घेतली, तेव्हा मी तिथेच होते. त्यांच्यातली सर्वांत बारीक मुलगी, जिचं जाकीट तिच्यावर लोंबत होतं, तीच पोट सर्वांत जास्त आत ओढून उभी होती. ताईंनी तिला मॅगीची कृती विचारली. ती सांगू लागली आणि मध्येच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईंनी टेप गुंडाळली, माप उद्या घेऊ म्हणाल्या आणि आधी सगळ्यांना जेवायला बसवलं. सईने तीन पोळ्या खाल्ल्या.

गॅदरिंगला आम्ही दोघी मागच्या रांगेत होतो. सई मधोमध, पुढे. नाचताना ती इतकी सुंदर दिसत होती की माझा मलाच राग आला. मी ताईंना सांगून टाकलं, की पुढच्या वर्षी बारीक झालीस की नाच, असं मी म्हणाले होते तिला.

ताई स्टेजकडेच बघत होत्या. "मला शाळेत लेझमीतून काढलं होतं," त्या म्हणाल्या. "आई पण असंच म्हणाली. मी पुढच्या वर्षाची वाट बघत राहिले."

त्यांची आई म्हणजे माझ्या सासूबाई. जीव ओवाळून टाकायच्या लेकीवर. मी ताईंचा हात घट्ट धरला.

"सोड गं," ताई म्हणाल्या. "टाळ्या वाजवायच्यात."

मग आम्ही दोघी टाळ्या वाजवत राहिलो. नाच केव्हाच संपला होता, मुली आत गेल्या होत्या, तरी ताई थांबेनात.