लाल लाखेचं झाकण

बोईसर स्टेशनाजवळ एका भाड्याच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो. मी सांगलीकडचा, तारापूरच्या वीजप्रकल्पावर नकाशे गिरवायला. माझा सोबती सोलापूरचा, तिथंच तपासनीस. काम तपासायचं, पास झालं की स्क्रूवर लाल लाखेचा ठिपका लावायचा, ही त्याची नोकरी. ठिपका लागला की त्याच्या परवानगीशिवाय कुणी ते उघडायचं नाही. हा नियम प्रकल्प उभारायला आलेल्या परदेशी साहेबांनी आणला होता आणि आम्ही तो सोवळ्यासारखा पाळायचो. सोबती तर घरीही तपासनीसच असायचा. मी विझवलेला स्टोव्ह तो पुन्हा एकदा जाऊन बघे.

त्यातल्या एका साहेबानं मायदेशी परतण्याआधी दोन महिने मला आपली एक पेटी देऊन टाकली. आत छोटं इंजिन, रेडिओचा संच आणि एक सर्व्हो. सर्व्हो म्हणजे साबणाच्या वडीएवढी मोटर. हातातलं बटण दाबलं की ती विमानाच्या शेपटीवरचं सुकाणू हलवायची. बिघडला तर दुसरा मुंबईतही मिळणार नव्हता. विमान मात्र मी बांधायचं होतं, आणि साहेब जाण्याआधी ते त्याच्यासमोर उडवून दाखवायचं होतं. दिवसभर मी दुसऱ्यांच्याच रेघा गिरवायचो. एक तरी वस्तू आपली असावी, असं मला फार वाटत होतं.

विमान महिन्याभरात उभं राहिलं. सर्व्होपर्यंत हात पोचावा म्हणून त्याच्या पोटाला एक झाकण हवं होतं. त्या तळहाताएवढ्या झाकणाला आणखी तीन आठवडे लागले, कारण सोबत्यानं ते मनावर घेतलं. पहिल्या झाकणाच्या फटीत पोस्टकार्ड गेलं, म्हणून ते नापास. दुसऱ्याच्या फटीत सिगारेटचा कागद गेला, तेही नापास. तिसरं मी मासळीचं जाळं तरंगावं म्हणून बांधतात त्या हलक्या लाकडाच्या तरंड्यातून कोरलं. तो दारावर सुके बोंबील विकायला येणाऱ्या कोळीणबाईंनी दिला होता. ते झाकण जरा घट्ट झालं, म्हणून जागेवरच घासून बसवलं. मग फट कुठं आहे ते मलाही सापडेना. सोबत्यानं चष्मा पुसला, कडेवरून बोट फिरवलं आणि चारी स्क्रूंवर लाख लावली.

"पास," तो म्हणाला. "आता हात लावायचा नाही."

उघडता यावं म्हणून केलेलं झाकण आम्ही असं बंद केलं, आणि माझी छाती अभिमानानं फुगली.

साहेब सोमवारी निघणार होता. रविवारी सोबती पालघरला नातेवाइकांकडे जेवायला गेला, आणि मी साहेबाला घेऊन चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलो. बटण दाबलं. सुकाणू डावीकडे गेलं, पण परत येताना पोटातून कर्र असा आवाज आला. पुन्हा दाबलं, पुन्हा कर्र. साहेबानं खुणेनं विचारलं, उघडून बघायचं का? मी त्याला चार लाल ठिपके दाखवले. त्यानं गंभीरपणे मान हलवली आणि तो मागं सरला. नियम त्याच्याच माणसांचा, तो तरी काय बोलणार?

विमान उडालं, आणि देखणं उडालं. अर्धं मिनिट माझे डोळे भरून आले होते. मग मी ते डावीकडे वळवलं आणि ते वळतच राहिलं. मी बटणं दाबत राहिलो. वाऱ्यानं ते गिरक्यांसकट समुद्रावर नेलं, आणि इंजिन बंद पडल्यावर ते पाण्यात उतरलं. साहेबानं माझ्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी तो गेला.

दहाएक दिवसांनी कोळीणबाई बोंबलांच्या टोपलीवर विमानाचं धड ठेवून आल्या.

"दादा, तुमचं इमान आमच्या जाल्यात आलं. पंख काय गावलं नाय," त्या म्हणाल्या. "पन झाकन लय घट्ट हाय. आमच्या मानसानं ओढून बगितलं, निगत नाय."

सोबत्यानं धड उजेडात धरलं. पंख नव्हते, शेपूट अर्धी उरली होती, पण चारी ठिपके शाबूत होते. "बघ, झाकणातून थेंबसुद्धा गेला नसणार," असं म्हणून तो समाधानानं हसला आणि त्यानं मला उघडायची परवानगी दिली.

मी स्क्रू काढले. झाकणातून खरंच थेंब गेला नव्हता. पाणी सुकाणूच्या तारेच्या भोकातून शिरलं होतं आणि सर्व्हो गंजून गेला होता. सुकाणूची तार ओढणाऱ्या त्याच्या दांड्याखाली लाकडाचा एक पापुद्रा अडकला होता, नखाएवढा. झाकण जागेवर घासताना तो आत पडला असणार. फुंकर मारली असती तरी निघाला असता.

सोबत्याचं हसू गेलं. तुझ्या लाखेनं माझं विमान बुडवलं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण स्क्रू-ड्रायव्हर त्या रविवारी माझ्याच खिशात होता. आणि खरं सांगायचं तर किनाऱ्यावर मला नियमबियम काही आठवला नव्हता. एवढ्या सुरेख जमलेल्या झाकणावर ओरखडा पडेल, एवढंच मनात आलं होतं.