जानेवारीत मोजलेली गल्ली

दीप्ती गजभिये नेमकं काय शिकते, हे नागपूरच्या प्रताप नगरातल्या त्या गल्लीत कोणालाच धड सांगता येत नव्हतं, पण सांगायची हौस मात्र सगळ्यांना दांडगी. शेजारच्या बाईंच्या हिशेबानं ती कलेक्टर होणार होती. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या मते ती नाल्यांचं इंजिनिअरिंग करत होती. उमरेडला तिचे बाबा एसटीत कंडक्टर. गाडीत कोणी विचारलं की 'पोरगी धोरणाचं शिकते' एवढं म्हणून ते पुढचा प्रश्न यायच्या आत डबल बेल मारून मोकळे व्हायचे. बी.ए., सार्वजनिक धोरण आणि नगर नियोजन, हे पूर्ण नाव लग्नाच्या पंगतीत सांगायला घेतलं तर समोरच्याचं जेवण आटोपून तो हात धुवायला जातो, हा दीप्तीचा स्वतःचा अनुभव होता.

ती राहायची प्रेमिला आत्याकडे. आत्या टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली, आवाज अजून ट्रंक कॉलचा. तिनं या प्रश्नाचा एकदाच निकाल लावला होता. "शहर कसं असाले पाह्यजे, ते शिकून राहिली आमची पोरगी. माहं घर कसं असाले पाह्यजे, ते मले समजते. तिनं घरात पडू नये, मी शहरात पडत नाही."

पण दीप्ती पडायचीच. तिच्यासोबत बर्डीच्या बाजारात खरेदीला जाणं म्हणजे डोक्याला ताप. पाणीपुरीच्या ठेल्यावर पोरी पुऱ्या मोजत असताना ही ठेला दोन हात मागे असता तर म्हातारी माणसं कशी नीट गेली असती, यावर भाषण सुरू करायची. ठेलेवाला बिचारा शेवटी एक सुकी पुरी जास्तीची देऊन तिला गप्प करायचा.

समोरच्या घरात धोंडबा हटवार राहायचे. मूळचे मौद्याकडचे, जन्म शेतात गेलेला. बायको वारल्यावर मुलगा दुर्गेश त्यांना नागपुरात घेऊन आला. गल्लीच्या टोकाला बगिचा आहे, तिथं त्यांच्यासारख्याच गाव सोडून आलेल्या म्हाताऱ्यांचा अड्डा जमायचा. कापसापासून सुनांपर्यंत सगळ्या विषयांवर तिथं निकाल दिले जायचे. धोंडबा रोज संध्याकाळी काठी टेकत एकटे जायचे, एकटे यायचे. दिवाळीच्या सुमारास एका मोपेडवाल्यानं त्यांना घासून पाडलं. गुडघा सोलवटला, बाकी काही नाही. पण दुर्गेश असा घाबरला की त्यानं हुकूमच काढला, एकट्यानं फाटकाबाहेर पाय ठेवायचा नाही.

त्या दिवसापासून म्हातारा ओट्यावर. रविवारी दुर्गेश त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून बगिच्यात न्यायचा आणि अड्डा रंगात यायच्या आत परत आणायचा. "कोंबडं नेल्यासारखं नेते अन् आणते मले," धोंडबा दीप्तीला सांगायचे. ते हसून सांगायचे, पण दीप्तीला ते ऐकून हसू येत नसे. तिला वाईट वाटायचं आणि भयंकर राग यायचा. दुर्गेशचा नव्हे, गल्लीचा.

म्हणून शेवटच्या वर्षाला प्रकल्पासाठी एक रस्ता निवडा म्हटल्यावर वर्गातल्या पोरांनी मोठमोठे चौक निवडले, आणि दीप्तीनं आपली गल्ली निवडली. बेत सरळ होता. गल्लीच्या एका बाजूनं चुन्याची रेघ ओढायची, रेघेच्या आत फक्त चालणारी माणसं, गाड्या सगळ्या पलीकडे. ती दुर्गेशकडे गेली.

"दुर्गेशभाऊ, माह्या पट्ट्यातून आबाजी एकटे बगिच्यात पोचले, तं मंग त्यायले रोज जाऊ द्यान का?"

दुर्गेशनं विचार केला. माणूस वाईट नव्हता, नुसता घाबरट होता. "पोचले तं रोज जाऊ देईन. पण नाही जमलं, तं हा विषय माह्यासमोर पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"कबूल."

धोंडबा ओट्यावरून सगळं ऐकत होते. दुसऱ्या दिवसापासून दीप्ती फाटकातून बाहेर पडली की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "कवा वं पोरी?"

जानेवारीत मोजमाप झालं. टेपचं एक टोक आत्याच्या हातात. एका बाजूला बघावं तर ओटे, गाडी चढवायचे उतार, स्कूटर, कुंड्या, कोणाची तरी कपडे धुवायची शिळा. नुसती जत्रा. आणि दुसरी बाजू? साफ मोकळी! एक कुंडी नाही, एक गाडी नाही. दीप्ती हरखून गेली. असा मोकळा पट्टा देवानं तिच्या प्रकल्पासाठीच राखून ठेवल्यागत होता, आणि देव न मानणाऱ्या घरातल्या पोरीला असं वाटणं म्हणजे आनंद किती झाला असेल, तुम्हीच बघा.

"आत्या, या बाजूनं कोणी काहून काही ठेवत नाही वं?"

"तिकून बेडरूमच्या खिडक्या हायेत न," आत्या म्हणाली, आणि गॅसवरचं दूध आठवून टेप टाकून पळाली.

प्रत्येक खिडकीखाली लोखंडी घोडा होता, गंजलेला, चार पायांचा स्टँड. एकावर मिरच्या वाळत होत्या, एकावर मांजर उन्हात झोपलं होतं. मांजर नकाशात आलं नाही, हे ठीकच झालं. पण ते ज्यावर झोपलं होतं तेही आलं नाही. नागपूरच्या माणसाला तो घोडा दिसतच नाही हो! आपल्या नाकाचं टोक आपल्याला कुठं दिसतं? नकाशा तपासला मेघा मॅडमनी. त्या कोल्हापूरकडच्या, गेल्या पावसाळ्यात कॉलेजात रुजू झालेल्या, इथला उन्हाळा त्यांनी पाहिलाच नव्हता. त्यांनी 'उत्तम निरीक्षण' असा शेरा दिला.

मग परवानगीसाठी महापालिकेच्या कचेरीचे हेलपाटे. साहेब मीटिंगमध्ये, साहेब दौऱ्यावर, साहेब आत्ताच जेवायला गेले. होळी होऊन गेली तेव्हा कुठं एका रविवारची परवानगी हाती आली. शनिवारी संध्याकाळी दीप्तीनं टोकापासून टोकापर्यंत पांढरी रेघ ओढली, इतकी सरळ की आत्यासुद्धा "वा वं!" म्हणाली.

आता त्या गल्लीची एक रीत आहे. होळीनंतर ऊन जरा चावायला लागलं की एका रविवारी सगळ्या घरांचे कूलर एकदमच निघतात. लोखंडी कूलर एकट्यादुकट्याला उचलत नाही, म्हणून सगळी गल्लीच घरोघर जाते, उचलते, घोड्यावर चढवते, आणि ज्याचा कूलर चढला त्यानं पोहे खाऊ घालायचे. रविवार कोणी ठरवत नाही. शनिवारी रात्री घरात झोप येईनाशी झाली की सगळ्यांना आपोआप कळतं.

तो हाच रविवार निघाला. आणि खरी गंमत अशी, की गजभियांची पोरगी त्यात सर्वांच्या पुढे! पंप बसवण्यात तिच्यासारखा हात गल्लीत कोणाचा नाही. तिनं आत्याचा कूलर लोकांसोबत उचलला, चढवला, वाळ्याच्या ताट्या ठोकल्या, पाइप लावला, बटण दाबून पाहिलं आणि कौतुकानं बघायला दोन पावलं मागे आली. टाच चुन्यावर पडली. तिनं खाली पाहिलं, मग वर पाहिलं. कूलर अख्खाच्या अख्खा तिच्या पट्ट्यात उभा होता.

तिनं गल्लीकडे नजर टाकली. खिडकी तिथं कूलर, टोकापर्यंत रांग, आणि प्रत्येकाच्या बुडातून पाणी ठिबकत होतं नेमकं तिच्या रेघेवर.

"मायबाई! आत्या, हे काय हाय?"

"कूलर हाय. काहून, पहिल्यांदा पाहून राहिली?"

"अतिक्रमण हाय हे!"

"काहीतरीच! अतिक्रमण गाडीचं राह्यते. कूलरचं कसं राहीन?"

एका दिवसापुरता तरी बाजूला घ्या म्हणून दीप्ती दारोदार फिरली. नागपुरात उन्हाळ्यात कूलर मागणं म्हणजे काय, हे तिलाही माहीत होतं. एका काकांनी गळ्यातली चेन द्यायची तयारी दाखवली, कूलर नाही म्हणाले. पोहे मात्र सगळ्यांनी आग्रहानं दिले, आणि ती ते रडवेल्या तोंडानं खात गेली.

संध्याकाळी प्रयोग बघायला मेघा मॅडम डोक्याला ओढणी गुंडाळून आल्या. त्यांनी नकाशा पाहिला, गल्ली पाहिली, पुन्हा नकाशा पाहिला. "दीप्ती, हे डबे यात नाहीत."

"मॅडम, जागा होती त्यांची. मलाच दिसली नाही."

समोर ओट्यावर धोंडबा बसले होते. धुतलेलं धोतर, टोपी, काठी, नवीन चपला. दुपारपासून तयार. दुर्गेश कोणाच्या तरी कूलरला ताट्या कमी पडल्या म्हणून आणायला गेला होता.

"चला नं वं," धोंडबा उठायला लागले.

दीप्ती ओट्यापाशी गेली. "आबाजी, माहं चुकलं. पट्टाच नाही राहिला."

म्हाताऱ्यानं कूलरांच्या रांगेकडे पाहिलं. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "तं मंग नाही जायचं?" त्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर पोरीला बरं वाटलं असतं. मॅडमसमोर नाक कापलं गेलं याचं तिला काहीच वाटत नव्हतं. या माणसाचा हा विषय आता पुन्हा काढता येणार नाही, याची तिला लाज वाटत होती.

ती त्यांच्या शेजारी ओट्यावर बसून राहिली. बसल्या बसल्या दुसरं करणार काय, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघत होती. एक ऑटो आत शिरला. इकडे कूलर, तिकडे स्कूटर, मधे जेमतेम फट; ऑटोवाला कूलरांना दूषणं देत गोगलगाय होऊन सरकला. मग दूधवाला आला, त्यानं तर पाय जमिनीला लावले. मग एक कॉलेजचा बाइकवाला पोट्टा, ज्याला या गल्लीत कोणी कधी सावकाश जाताना पाहिलं नव्हतं, तोही मुकाट चालला. दीप्ती हळूच उभी राहिली.

"आबाजी, टोपी घाला. उठा."

"कोठून जायचं?"

"मधातून."

"रस्त्याच्या मधोमध?" मेघा मॅडम दचकल्या. "तू नीट विचार केलायस का?"

"विचार तर जानेवारीत केला होता, मॅडम. आज नुसती पाहते आहे."

धोंडबा उतरले. दीप्तीनं दंड धरला तर त्यांनी झटकला. "सोड वं. एकट्यानं जायचं ठरलं व्हतं." मग ती मागे कूलरांच्या कडेनं, जीव मुठीत धरून. म्हातारा गल्लीच्या मधोमध काठी टेकत निघाला. ओट्यांवरून बाया विचारू लागल्या, "आबाजी, कोठी?" आणि प्रत्येक ओट्यापाशी ते थांबून, ओरडून सांगू लागले, "बगिच्यात!" मागे गाड्या साचायला लागल्या. ऑटो, त्यामागे स्कूटी, त्यामागे भाजीचा ठेला. कोणी एकानं हॉर्न दिला, आत्यानं फाटकातून ट्रंक कॉल लावला, "दिसत नाही का रे? माणूस चालून राहिला!" हॉर्न बंद.

अर्धी गल्ली झाली असेल नसेल, मागून एक मोटारसायकल गाडी चढवायच्या एका उतारावरून ऑटोला वळसा घालून घुसली. टाकीवर ताट्यांचा गठ्ठा नाकापर्यंत, हॉर्नवरचा अंगठा निघत नव्हता. "ओ काकाजी!" गठ्ठ्याआडून आवाज आला, "व्हा न बाजूले! लोकायले कामं नाहीत का?"

धोंडबा थांबले. काठी रोवली आणि सावकाश मागे वळले. गठ्ठ्याच्या वरून दुर्गेशचे डोळे दिसत होते.

दीप्तीला वाटलं, संपलं, आता हा त्यांना मागे बसवणार.

"बाबा," दुर्गेश म्हणाला, "मले... मले दिसलेच नाही तुम्ही."

"आता दिसलो नं?" धोंडबा म्हणाले. "मंग ये मागं मागं."

आणि ते वळून चालायला लागले. दुर्गेशनं गाडी बंद केली, खाली उतरला, आणि गठ्ठा एका हातानं सावरत, गाडी ढकलत बापाच्या मागून चालू लागला. वाटेत दीप्तीकडे त्यानं एकदा पाहिलं. बगिच्याच्या फाटकाशी धोंडबा थांबले. आतून अड्ड्यानं त्यांना ओळखून आरडाओरडा सुरू केला होता. त्यांनी घामाघूम झालेल्या मुलाकडे वळून पाहिलं.

"जाय तू घरी," ते म्हणाले. "मी येईन माह्या मनानं."