शिवी म्हणजे बोलणं नव्हे

भाषाविज्ञान शिकवते असं सांगितलं की माणसं दोनच प्रश्न विचारतात. "मग तुम्हाला किती भाषा येतात?" आणि "आमचं मराठी अशुद्ध असेल ना हो?" शिरूरच्या कॉलेजात इतकी वर्षं गेली, पण यातून सुटका नाही. भाषा येणं वेगळं आणि ती चालते कशी हे बघणं वेगळं, हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. घरचे तर आणखी पुढचे. धाकटा भाऊ म्हणायचा, "ताई, बोलायचं काय शिकायचं असतंय? ते येतंच की."

येतंच की! गेल्या हिवाळ्यात आबांना अर्धांगाचा झटका आला आणि ते जातं कसं, हेही त्यानं पाहिलं. भांडगावात आमच्या वडिलांच्या आवाजाला आख्खी आळी टरकून असायची. त्यांचा उजवा हात गेला आणि त्याच्याबरोबर बोलणंही गेलं. आपण बोललेलं सगळं त्यांना कळायचं. उत्तर द्यायला गेले की शब्द ओठाशी येऊन अडायचा, डोळे भरायचे, आणि मला राग यायचा. कुणाचा, ते देव जाणे.

मी दर शनिवारी न्हावरे, चौफुला करत घरी जायची. आबांनी डावा हात जरा उचलला की आम्ही सगळे तुटून पडायचो. पाणी? पंखा? चहा? उशी? त्यांनी मान हलवायची आणि आम्ही पुढची यादी म्हणायची. शेवटी ते कंटाळून भिंतीकडे तोंड करायचे.

एका शनिवारी ते ओट्यावर खाटेवर बसले होते. शेजाऱ्याची उसाची ट्रॉली मागं येता येता आमच्या कुंपणावर आदळली आणि आबा गरजले, "आरं ए, तुझ्या आयला! डोळं फुटलं का रं?"

स्वच्छ, खणखणीत! भाऊ अक्षरशः नाचला. "ताई, आबा बोलायला लागलं!" म्हणत गाडीला किक मारून चौफुल्याला गेला आणि पेढे घेऊन आला. ट्रॉलीवाल्यालाही दिला, ज्यानं शिवी खाल्ली त्यालाच.

आणि मी, कपाळ माझं, पेढा तोंडात असतानाच सांगायला लागले. बाबा रे, शिवी म्हणजे बोलणं नव्हे. शिवी माणूस जुळवत नाही, ती तयारच बाहेर पडते. रामरामही तसाच. पहिल्या तासाला मी पोरांना सांगते, आजवर कुणी बोललं नसेल असं वाक्य करा. एक जण उठून म्हणाला होता, "मॅडम, आमच्या म्हशीनं प्राचार्यांचा चष्मा चावून खाल्ला." वर्ग हसला, पण अर्थ कुणालाच विचारावा लागला नाही. शब्द जुनेच, वाक्य कोरं, तरी सगळ्यांना कळलं. भाषेची सगळी करामत हीच. आबांकडून मला तसलं वाक्य हवं होतं. मोडकं चालेल, पण त्यांनी स्वतः जुळवलेलं.

"आधी तो पेढा गिळ," भाऊ म्हणाला. "चांगलं झाल्यालं बघवत न्हाई तुला."

पुढं तर कहरच झाला. भेटायला येणाऱ्याला आबा "रामराम, बसा" म्हणायचे, आणि तो जाताना म्हणायचा, "चांगलं बोलत्यात की!" झालं! भावानं त्यांना दौंडला बोलण्याच्या उपचाराला न्यायचंच बंद केलं. बोलतायत ना, मग कशाला हेलपाटे? मी तिथल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "शिव्या, रामराम, आकडे हे बऱ्याचदा शाबूत राहतं. पण सुधारणा व्हायची ती आताच जास्त होते, खंड पाडू नका." हे मी भावाला सांगितलं, भांडून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! तुझं ते पुस्तकातलं ज्ञान शिरूरलाच ठेव, म्हणाला.

मग मीच चित्रांची कार्डं आणली आणि दुपारी आबांपुढं बसले. कुलपाचं चित्र धरलं.

"हे काय, आबा?"

"कु... कु..."

"कुलूप! म्हणा, कुलूप."

त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी छत्रीचं कार्ड पुढं केलं.

"छ..."

"छत्री! बरोबर. म्हणा की, छत्री."

तिसरं कार्ड मी पुरतं वर धरलंही नव्हतं. आबांनी डाव्या हातानं ते उडवलं. चेहरा लालबुंद. आता शिवी येणार, म्हणून मी डोळेच मिटले. शिवी आली नाही. त्यांचे ओठ हलत होते.

"तू..."

"काय, पाणी देऊ?"

त्यांनी खाटेवर हात आपटला. मी कार्डं खाली ठेवली. घामानं त्यांचं कपाळ भिजलं होतं.

"तू... शब्द... नको दिऊ." मोठा श्वास घेतला. "माझा... मला... घावंल."

आपटल्याचा आवाज ऐकून भाऊ आतून ओरडला, "काय झालं गं? शिवी दिली व्हय?"

"न्हाई रं," मी म्हणाले. "आबा बोललं."