झिजलेली जोडवी

आमच्या पेठ तालुक्यातल्या घरात पुस्तक म्हणून नव्हतं. भात काढून झालं की आईबाप निफाडकडे मजुरीला जायचे. ब्याण्णव साली मी नाशिकला इतिहास शिकायला आलो. प्रबंधाचा विषय होता जुन्या अंगठ्या आणि जोडवी, म्हणून सराफ बाजारात जुनी चांदी आटवणाऱ्या चाचांकडे जाऊन बसायचो.

मी नक्षी बघायचो, वहीत उतरवायचो. चाचा प्रत्येक जोडवं उलटं करून बघत.

"नक्षी सोनाराची रे, कॉलेजवाल्या. झीज बाईची. हे तळाला कागदासारखं झालंय, म्हणजे डोंगरातली, अनवाणी चालणारी. हे वरून घासलंय, ती पाय मुडपून जात्याशी बसायची."

एवढं सांगून ते जोडवं मुशीत टाकत.

"चाचा, असं वितळवता कसं?"

"मालकाला चांदी पाहिजे, बाईचे पाय नाय."

ज्याला एवढं दिसतं त्याचा हात अडखळत कसा नाही, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. एकदा मी रागाने उठलोच. चाचांनी सांडशीतलं जोडवं मुशीवर तसंच धरून ठेवलं.

"काढ चित्र. पटकन. भट्टी थांबत नाय."

त्यानंतर ते प्रत्येक जोडव्याला तेवढंच थांबत.

त्या चित्रांवर मी प्रबंध लिहिला. आमच्या घराण्यातला पहिला एम.ए. मी झालो.