आयत्या वेळचा सत्कार

तिसरी शाल निघाली तेव्हा मी सामंतांकडे पाहिलं. ते हसत होते, पण अंगठा मोबाइलच्या घड्याळावर होता. लोणावळ्यातली त्यांची पुढची भेट ठरलेली होती. आमच्या वाट्याला एक तास होता आणि त्यातला अर्धा संपला होता.

तिकोणा पेठेच्या पुढे, डोंगराला लागून असलेल्या एका वाडीत आमची संस्था नागरिकशास्त्राचा वर्ग चालवते. मोठ्या माणसांसाठी. ग्रामसभा कशी चालते, प्रश्न कसा विचारायचा, हे त्यात असतं. शिवाय पूर्वी गावकीत निर्णय कोण घ्यायचं, याच्या जुन्या माणसांकडून ऐकलेल्या गोष्टी. अनुदान या गोष्टींमुळेच मिळालं. ते मानव्यविद्येसाठी होतं, म्हणजे इतिहास, भाषा, विचार वगैरे. रस्ते-गटारांसाठी नव्हे.

सामंत अनुदान देणाऱ्या संस्थेचे अधिकारी. ही त्यांची साइट व्हिजिट. पैसे देणाऱ्यांचा माणूस येतो, काम डोळ्यांनी बघतो आणि पुढच्या वर्षासाठी शिफारस करतो किंवा करत नाही. वर्ग न बघता ते गेले असते तर शिफारस नाही. शिफारस नाही तर वर्ग बंद.

पण गाडीतून पाहुणा उतरला की आधी सत्कार. सरपंचांनी सामंतांचा केला, मग माझा, मग ड्रायव्हरचा. आता ते भाषणाला उभे राहिले.

"आपल्या मावळच्या मातीत..."

मागच्या रांगेतून हात वर आला. ताराबाईंचा. त्या गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये रोजंदारीवर जातात. वर्गासाठी अर्ध्या दिवसाचा खाडा करून आल्या होत्या.

"भाऊ, ह्यो विषय अजेंड्यावर न्हाई."

सरपंच थांबले. "मावशी, पाव्हण्यांचा मान असतो."

"व्हय की. कोन न्हाई म्हनतंय? पन त्यो आयत्या वेळच्या विषयात घ्या. शेवटाला."

ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत 'आयत्या वेळचे विषय' ही शेवटची ओळ असते. आधी न ठरलेलं सगळं तिथे घेतात. हे आम्हीच शिकवलं होतं.

सरपंचांना दुखावणं मात्र आम्हाला परवडणारं नव्हतं; वर्गासाठी समाजमंदिराचा हॉल तेच फुकट देत होते. मी म्हणाले, "मावशी, बसा जरा."

"मॅडम, तुमी बी हात वर करून बोला. तुमीच सांगितलंय."

बायका खिदळल्या. एक जण पुटपुटली, "मॅडमला शाल मिळाली न्हवं, त्या आता तिकडच्या."

"मग मी काय, खाली बसू?" सरपंचांनी विचारलं.

"बसा की. खुर्ची हाय."

सरपंच बसले. वर्ग सुरू झाला. ताराबाईंनीच सुरुवात केली.

"माजी सासू सांगायची, गावकी बसली की बायकांनी भिंतीआड उभं ऱ्हायचं. निकाल काय लागला ते नवऱ्याच्या तोंडावरनं वळखायचं."

"आणि आता?" सामंतांनी विचारलं. हात वर करून.

"आता आमी आत बसतो. तोंडं त्यांनी आमची बघायची."

सामंत ठरल्यापेक्षा बरेच उशिरा निघाले. गाडीपाशी त्यांनी हळूच विचारलं, "मघाचं तुम्ही बसवलेलं नव्हतं ना?"

"बसवलं असतं तर मला गप्प केलं नसतं," मी म्हणाले.

शिफारस झाली. दुसऱ्या वर्षाचं अनुदानही आलं. पुढच्या ग्रामसभेत ताराबाईंनी पाण्याच्या टाकीबद्दल विचारलं आणि सरपंचांना उत्तर द्यावं लागलं. तेव्हापासून समाजमंदिराचा फुकट मिळणारा हॉल नेमका आमच्या वर्गाच्या दिवशी दुसऱ्या कुठल्या तरी कार्यक्रमासाठी दिलेला असतो. वर्ग आता एका घराच्या पडवीत भरतो. भाडं देऊन.

आता नव्या गावातल्या वर्गाचा प्रस्ताव लिहिताना मी जागाभाड्याची तरतूद पहिल्या वर्षापासूनच धरते. वर्ग नीट चालला, तर ती लागतेच.