ज्याचा नमुना, त्यानेच धुवायचा

ते मशीन बंगळूरजवळच्या बोम्मसंद्रातल्या आमच्या कारखान्यात आलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. मी निपाणीकडची. घरी मराठी, शाळेत कन्नड, त्यामुळे दोन्ही भाषा तोंडात सहज बसलेल्या. आमचे साहेब पुण्याचे. त्यांना कन्नड येत नव्हतं आणि कामगारांपैकी बहुतेकांना हिंदी जेमतेम. मशीन माझ्या ताब्यात देण्यामागे माझ्या डिग्रीइतकंच हेही कारण होतं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. तोवर कुठल्याही नव्या भागाचा नमुना लाकडात कोरून व्हायचा आणि त्याला महिना-दीड महिना लागायचा. हे मशीन दोन-तीन दिवसांत नमुना उभा करायचं. टाकीत पातळ मधासारखं रेझिन असायचं. लेझर जिथे फिरेल तिथे केसाएवढा थर घट्ट व्हायचा, मग टाकीतली फळी तेवढीच खाली उतरायची आणि वर पुढचा थर चढायचा. असे शेकडो थर. मशीनसाठी काचेची एसी खोली बांधली होती. जेवणाच्या सुट्टीत सगळा कारखाना काचेला नाक लावून बघत उभा राहायचा.

बघणाऱ्यांना दिसायचं नाही ते काम नंतरचं. टाकीतून निघालेला भाग चिकट असायचा. तो स्पिरिटसारख्या वासाच्या द्रवात धुवायचा, मग त्याला आधार म्हणून रचलेल्या बारीक काड्या, ज्यांना आम्ही सपोर्ट म्हणायचो, त्या एकेक कापायच्या आणि पॉलिश पेपरने घासायचं. या कामाला दोघी बायका होत्या. त्यातली मोठी जवळच्या आनेकल गावची. तिला सगळे अक्का म्हणायचे, मीही. आधी ती घड्याळाचे सुटे भाग जुळवण्याच्या कामावर होती. तिच्या बोटांना नजरेपेक्षा जास्त दिसायचं. डोळे मिटून, भागावरून अंगठा फिरवून ती सांगायची, ‘‘इथं स्वल्प वर आलंय, मॅडम.’’ आम्ही मोजायचो, तर खरंच तिथे वर आलेलं असायचं.

मशीनबरोबर पातळ हातमोज्यांची खोकी आली होती. ती संपली. नवीन मागवायला वेळ लागणार म्हणून स्टोअरवाल्याने जयनगरच्या बाजारातून जाड रबरी मोजे आणले, बायका भांडी घासायला घालतात तसले. ते घालून काडी चिमटीत धरता येत नव्हती. एका दुपारी मी खोलीत गेले तर अक्काने मोजे काढून बाजूला ठेवले होते आणि उघड्या हातांनी ती काम करत होती. मी ते पाहिलं. तिच्या हातातला भाग घेऊन उजेडात धरला. इतका स्वच्छ भाग तोवर निघाला नव्हता.

‘‘छान झालंय अक्का,’’ मी म्हणाले. ‘‘असंच करत जा.’’

मोज्यांबद्दल मी एक शब्द बोलले नाही. पुढे बरीच वर्षं ते दोन वाक्यांचं कौतुक मला स्वतःच्याच आवाजात ऐकू यायचं.

दोन-अडीच महिन्यांनी पंप बनवणाऱ्या एका कंपनीचं काम आलं. पाण्याच्या पंपातला पंखा, सात वळणदार पाकळ्यांचा. शनिवारी सकाळी अकराला त्यांची माणसं नमुना बघायला येणार होती. नमुना पसंत पडला तर मोठं काम मिळणार होतं. नाही पडला, तर हे मशीन म्हणजे साहेबांची हौस, असं मालकांच्या घरात उघड बोललं जाणार होतं. साहेबांनी आपला शब्द टाकून ते आणवलं होतं. त्या आठवड्यात ते दिवसातून दहा वेळा काचेपाशी येऊन उभे राहायचे. कोणी काही विचारलं की फक्त ‘‘शनिवार’’ म्हणायचे.

मंगळवारी चहाच्या वेळी मला दिसलं की अक्का चहाचा पेला पदरात धरून पितेय. पेला काही इतका गरम नव्हता.

‘‘हाताला काय झालं?’’

‘‘काही नाही मॅडम. उष्णता. हळद लावलीय.’’

तिने पदर सोडला नाही आणि मी आग्रह केला नाही. आग्रह केला असता तर हात बघावे लागले असते. हात बघितले असते तर काम थांबवावं लागलं असतं. हा हिशेब माझ्या मनात एका क्षणात झाला, आणि तो मला नीट कळला होता. मी चहा संपवला आणि आत गेले.

गुरुवारी पंखा टाकीतून निघाला. शुक्रवारी सकाळपासून अक्का पाकळ्यांमधल्या काड्या काढत बसली होती. जागा इतकी अरुंद की एकच बोट आत जाई. दुपारी तिची जोडीदारीण धावत माझ्या टेबलाशी आली. ‘‘मॅडम, लवकर या. अक्काला दिसत नाहीय.’’

मी गेले. अक्का स्टुलावर ताठ बसली होती. दोन्ही पापण्या सुजून डोळे पार मिटले होते. गालावर लाल चट्टे. हातांची हळद पुसली गेली होती आणि मनगटापर्यंत कातडी सोलवटून तिला फोड आले होते. अशा अवस्थेत ती ब्लेडने काडी कापत होती, नुसत्या स्पर्शाने.

‘‘अक्का, ब्लेड खाली ठेवा.’’

‘‘पाच पाकळ्या झाल्या. दोन राहिल्या,’’ ती म्हणाली. ‘‘डोळ्यांचं काय काम आहे त्याला?’’

मी तिच्या हातातून ब्लेड काढून घेतलं. तेवढ्यात साहेब काचेपाशी आले, मग दार उघडून आत. त्यांनी अक्काकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं.

‘‘तिला घरी पाठव. सोमवारी डॉक्टरकडे नेऊ.’’

‘‘सर, तिचे डोळे मिटलेत. मी आत्ता नेते.’’

‘‘आणि हे?’’ त्यांनी पंख्याकडे बोट केलं.

‘‘ते मी उद्या सकाळी येऊन करीन.’’

ते दार उघडून बाहेर गेले. मी ती परवानगीच समजले आणि गाडी मागवली.

जयनगरला कातडीचे एक डॉक्टर होते. होसूर रोडवरच्या गर्दीत गाडी रखडत होती आणि अक्का ओला रुमाल डोळ्यांवर धरून बसली होती. मी बाटलीतलं पाणी रुमालावर ओतत होते. तिने एकदाच विचारलं, ‘‘डोळे जाणार नाहीत ना?’’ मी नाही म्हणाले. मला काहीच माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी तिचे हात दिव्याखाली धरले. ‘‘कशात हात घालता?’’

मी रेझिनबद्दल सांगितलं.

‘‘मोजे नव्हते?’’

मी तोंड उघडायच्या आत अक्का बोलली. ‘‘होते. मीच काढले. माझी चूक.’’

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसले. त्या आठवड्यात मी केलेली ही दुसरी वाईट गोष्ट.

सूज उतरेल, डोळ्यांना धोका नाही, असं त्यांनी सांगितलं. पण शरीराने हे रसायन एकदा नाकारलं की ते कायमचं नाकारतं. यापुढे थेंबभर लागलं तरी असंच होणार, किंवा याहून वाईट.

‘‘म्हणजे किती दिवस लांब राहायचं?’’ अक्काने विचारलं.

‘‘दिवस नाही. कायम.’’

ती आवाजाच्या अंदाजाने माझ्याकडे वळली. ‘‘मग मी तिथं काय करणार, मॅडम?’’

मी तिला आनेकलला घरी सोडलं. तिची सासू दारात आली. सुनेचा चेहरा तिने दोन्ही हातांत धरून बघितला आणि मला विचारलं, ‘‘काय केलंत हिला?’’ तिने आवाज चढवला नव्हता. मी औषधं कशी द्यायची ते सांगून निघाले.

शनिवारी सकाळी सातला मी एकटीच जाड मोजे घालून पंखा घेऊन बसले. दोन पाकळ्या मला तीन तास पुरल्या. काडी दिसायची, पण चिमटीत येत नव्हती. मोज्यातल्या बोटाला कळतच नव्हतं की कुठे काडी संपते आणि कुठे पाकळी सुरू होते. तीनदा मोजे काढावेसे वाटले. शेवटच्या पाकळीचं टोक कट्कन तुटलं. हातातला तो तुकडा बघताना मी घामाने भिजले होते, आणि एसी चालू होता.

अकराला पाहुणे आले. त्यातले मोठे, पांढऱ्या केसांचे गृहस्थ इंजिनिअर होते. त्यांनी पंखा हातात फिरवला. पाच पाकळ्या आरशासारख्या, दोन ओबडधोबड आणि एक टोक गायब.

साहेब इंग्रजीत म्हणाले, ‘‘मशीनची जरा अडचण झाली.’’

‘‘मशीनची नाही, सर,’’ मी म्हणाले.

मी सांगितलं. हे काम कोण करत होतं, तिच्या हातांना काय झालं, मी तिला मोज्यांशिवाय काम करताना बघून काय म्हणाले होते. साहेबांकडे मी बघितलं नाही.

त्या गृहस्थांनी पंखा टेबलावर ठेवला. मग विचारलं, ‘‘टाकीत हा उभा का ठेवला होता? आडवा, पाकळ्या वर करून ठेवला असता तर पाकळ्यांच्या मध्ये काड्या लागल्याच नसत्या.’’

मी तो उभा ठेवला होता, कारण उभा ठेवल्याने फळीवर आणखी दोन भागांना जागा होत होती. कॉम्प्युटरवर एका क्लिकचं काम. त्या क्लिकपायी अक्काचं बोट त्या फटींत दिवसभर जात होतं, हे मला त्या माणसाच्या प्रश्नाने कळलं. त्यांनी आम्हाला पंधरा दिवसांनी नवा नमुना घेऊन यायला सांगितलं. काम गेलं नाही, मिळालंही नाही.

ते गेल्यावर साहेब केबिनमध्ये म्हणाले, ‘‘पाहुण्यांसमोर बोलायची काय गरज होती? मला सांगायचंस.’’

‘‘तुम्हाला सांगायची वेळ मंगळवारी होती सर. मी सांगितलं नाही. आणि तुम्ही शुक्रवारी बघितलंत.’’

ते लाल झाले. मला वाटलं, नोकरी गेली. माझ्या तोंडून निघालं, ‘‘सोमवारी एक भाग निघतोय. तो तुम्ही धुऊन बघा.’’

सोमवारी ते खरंच आले. बाह्या दुमडल्या, जाड मोजे चढवले आणि बसले. बाहेर लेथवरची माणसं काम सोडून काचेतून बघत होती. दोन तासांनी ते मान चोळत उठले.

‘‘इतके सपोर्ट कोणी लावलेत?’’

‘‘मी, सर.’’

‘‘मग तूच काढ. आजपासून ज्याचा नमुना, त्यानेच धुवायचा. सगळ्यांना सांग.’’

नियम असा चिडून झाला. डिझाइनची पोरं वैतागली. एकाने ‘‘भांडी घासायला इंजिनिअर झालो का?’’ म्हणून महिन्याभरात दुसरीकडे नोकरी धरली. बाकीच्यांनी आठवडाभर बोटं दुखवून घेतली आणि मग भाग टाकीत कसा ठेवायचा यावर डबा खाताना भांडू लागले. काड्या कमी होत गेल्या. पातळ मोजेही पुन्हा कधी संपले नाहीत. आता ते घालणाऱ्यांत इंजिनिअर होते, हे त्याचं कारण, आणि ते आठवलं की मला अजून शरम वाटते. त्याच सुमारास आणखी एक ठरलं. खोलीत कोणालाही काही खटकलं तर त्याने विचारत न बसता लाल बटण दाबून मशीन थांबवायचं.

अक्का महिन्याने परत आली. तिला धातूचे ओतीव भाग तपासायला बसवलं. काम हलकं होतं, पगार तोच. पण काचेच्या खोलीत ती कोणीतरी होती, तिच्यासाठी आम्ही थांबायचो. बाहेर ती चौघींतली एक झाली. पहिल्याच दिवशी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ‘‘डॉक्टरसमोर मी तुमची बाजू घेतली. तुम्ही माझी घेतली नाहीत.’’ साहेबांसमोर, पाहुण्यांसमोर घेतली, असं मी म्हणू शकले असते. पण तेव्हा ती तिथे नव्हती. पुढचं वर्षभर ती मला ‘‘सरी’’ आणि ‘‘आयतु’’, म्हणजे ‘बरं’ आणि ‘झालं’, याशिवाय काही बोलली नाही.

त्या वर्षाअखेरी एका दुपारी मशीन अचानक बंद पडल्याचा आवाज आला. मी धावत गेले. अक्काची पूर्वीची जोडीदारीण लाल बटणावर हात ठेवून उभी होती. टाकीतला भाग चाळीस तास चालला होता, चारच तास उरले होते.

‘‘का थांबवलं?’’

‘‘एक थर सरकल्यासारखा दिसला, मॅडम.’’

फळी वर घेऊन आम्ही भिंगाखाली भाग तपासला. काहीही सरकलं नव्हतं. मध्येच थांबवून वर काढल्यामुळे आता भाग मात्र वाया गेला होता. डिझाइनची पोरं, साहेब, दारातला स्टोअरवाला, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. ओरडायला शब्द जिभेवर आले होते. मी टेबलाची कड घट्ट धरली.

‘‘बरं केलंत,’’ मी तिला म्हणाले. ‘‘परत वाटलं तर परत थांबवा.’’

साहेब केबिनमध्ये गेले. भाग दोन दिवस उशिरा मिळेल, हे गिऱ्हाइकाला फोनवर सांगतानाचा त्यांचा आवाज ऐकू येत होता. मी मोजे चढवले आणि वाया गेलेला भाग फळीवरून सोडवायला घेतला. नमुना माझाच होता.